वस्तरा स्वतःच्या हाती

बदलीच्या गावी उतरलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस कसे जातात, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. घर मिळते, दूधवाला ठरतो, मुलांच्या शाळेची व्यवस्था लागते, कचेरीतील शिपाई हळूहळू आपली भाषा समजू लागतो. परंतु जुन्या पिढीतील कामगारांना आणखी एक चिंता असे आणि ती कोणत्याही सरकारी नियमावलीत नमूद नव्हती. ती म्हणजे न्हाव्याची. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, ज्याची भाषा अर्धीमुर्धी कळते, अशा माणसापुढे मान मागे टाकून गळा उघडा करावयाचा आणि त्याच्या हातातील पोलादी धारेवर विश्वास ठेवावयाचा! हा विश्वास आपण इतक्या सहजपणे टाकतो की त्यात काही नवल आहे असे आपल्याला वाटतही नाही.

प्राचीन काळी एका माणसाला मात्र ते नवल वाटले होते. सिसिली बेटातील सिराक्यूज नगरावर इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या आरंभी पहिला डायोनिसिअस राज्य करीत होता. सत्ता बळकावून बसलेल्या बहुतेक पुरुषांप्रमाणे तोही जिवाला भिऊन असे. न्हाव्याच्या हाती मान देणे त्याला धोक्याचे वाटू लागले, म्हणून त्याने आपल्या मुलींना वस्तरा चालविण्यास शिकविले. पुढे मुली मोठ्या झाल्या, तेव्हा त्यांच्या हातातील वस्तऱ्याचीही त्याला भीती वाटू लागली; मग लोखंड काढून घेऊन अक्रोडाची तापलेली टरफले त्यांच्याकडून गालांवर फिरवून घेण्याची व्यवस्था झाली. ही कथा सिसेरोने सांगितली आहे आणि तिचा रोख जुलमी राजाच्या मनाला कशी शांती नसते हे दाखविण्याकडे आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील न सांगितलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. न्हाव्यावर विश्वास नाही, पोटच्या मुलींवर विश्वास नाही, दाढी तर ठेवावयाची नाही. आणि तरीही वस्तरा स्वतःच्या हाती घ्यावा, हा उपाय त्या कथेत कोठेच येत नाही.

वस्तरा हे किती जुने हत्यार आहे, हे सांगण्यास वेदांपर्यंत जावे लागते. ऋग्वेदात ‘क्षुर’ हा शब्द आहे आणि कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. ही उपमा सुचणाऱ्याने चांगली धार जवळून पाहिली असली पाहिजे. परंतु हत्यार जुने असले तरी ते चालविणारा हात बहुधा दुसऱ्याचा असे. शाक्य राजपुत्रांचा न्हावी उपाली हा पुढे बुद्धाचा शिष्य झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम सांगण्याचा मान त्याला मिळाला. रोममध्ये न्हावी आले ते इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास, आणि आले तेही सिसिलीतूनच, असे व्हॅरोच्या आधाराने प्लिनी सांगतो. रोज दाढी करण्याचा प्रघात दुसऱ्या स्किपिओ आफ्रिकानसने पाडला, असेही त्याने नोंदविले आहे. राजे, सेनापती, श्रेष्ठी सर्वांची दाढी होई. करणारा निराळा असे.

पुढे युरोपात न्हाव्याचा धंदा वैद्यकीत शिरला. शिरा तोडून रक्त काढणे, गळवे फोडणे, दात उपटणे ही कामे वस्तरा धरण्याची सवय असलेल्या हाताकडे आपोआप गेली. इंग्लंडात १५४० साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचा एकच संघ कायद्याने बांधला गेला आणि तो १७४५ साली फुटला. दोनशे पाच वर्षे हे दोन व्यवसाय एका छपराखाली नांदले. अशा काळात, ‘माझी दाढी मीच करीन’ असे म्हणणे म्हणजे ‘माझी नाडी मीच पाहीन’ असे म्हणण्यासारखेच थोडेसे वाटत असणार.

सामान्य माणूस हे धाडस केव्हा करू लागला, याचे एकच उत्तर देता येणार नाही. परंतु एका माणसाने ते केव्हा केले याची तारीख आपल्याजवळ आहे, आणि वाचकांस समाधान वाटावे अशी गोष्ट ही की तो माणूस सरकारी अधिकारी होता. सॅम्युएल पीप्स हा लंडनमधील एका शिंप्याचा मुलगा. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर परतला तेव्हा पीप्सला नौदल मंडळात मोठ्या चिटणिसाची जागा मिळाली. जहाजांचे लाकूड, डांबर, दोर, खलाशांचा पगार, कंत्राटदारांचे हिशेब हा त्याचा नित्याचा व्यवहार होता. १६६० च्या १ जानेवारीपासून १६६९ च्या ३१ मेपर्यंत त्याने लघुलिपीत दैनंदिनी ठेविली. पुढे दृष्टी जाईल या भयाने ती थांबविली. ती प्रथम छापली गेली १८२५ साली, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांहून अधिक काळ ती कपाटात मुकी पडून होती.

या दैनंदिनीत पीप्सच्या गालांचा इतिहास विखुरलेला आहे. १६६२ च्या मे महिन्यात त्याने एक नवा प्रयोग आरंभिला. पोर्ट्‌समथ बंदरात गेला असता तेथील एका परिचिताकडून तो शिकून आला होता. ज्वालामुखीतून निघणारा सच्छिद्र दगड गालांवर घासून केस झिजवावयाचे, असा तो प्रयोग होय. आपल्याकडे न्हाणीघरात टाचा घासावयास जी वज्री ठेवीत, तिचाच हा भाऊबंद! पीप्सने मोठ्या उत्साहाने लिहून ठेविले की हे काम सोपे, झटपट व स्वच्छ आहे आणि आपण ते पुढेही चालू ठेवणार. परंतु गालांनी या निश्चयाला फार काळ साथ दिली नसावी. १६६३ च्या नोव्हेंबरात त्याने डोक्यावरचे केस कापून टाकून त्या काळच्या फॅशनप्रमाणे टोप धारण केला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १६६४ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, त्याने सकाळी स्वतः वस्तरा उचलला. वयाची एकतिसावी संपावयास तेव्हा त्याला सात आठवडे होते. त्या दिवशीच्या नोंदीत त्याने आपला आनंद सांगितला आहे आणि त्याची कारणेही दिली आहेत. पैसा वाचतो आणि वेळ वाचतो.

या दोन कारणांत राजाची भीती नाही, तत्त्वज्ञान नाही, न्हाव्याविषयी तक्रारही नाही. कचेरीची वेळ गाठावयाची आहे आणि महिन्याचा हिशेब जमवावयाचा आहे, एवढेच. डायोनिसिअसला मृत्यूच्या भयाने जे सुचले नाही, ते पीप्सला घड्याळाने आणि जमाखर्चाने सुचविले. टोपामुळे केस कापविण्यासाठी न्हाव्याची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते; मग उरली ती दाढी, आणि तिच्यासाठी निराळा माणूस कशाला, असा विचार त्याने केला असावा, हे माझे अनुमान. न्हावी पूर्णपणे सुटला असे मात्र नाही. पुढेही टोपांच्या निमित्ताने त्याचे न्हाव्याकडे जाणेयेणे दैनंदिनीत दिसतेच.

पीप्सला हे जमले, पण त्याच्यासारखे इतरांना सहज जमण्याजोगे ते काम नव्हते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. चांगला आरसा, चांगले पोलाद आणि शिकविणारा. आरसा त्या काळी महाग वस्तू होती. शिवाय आरशात पाहून हात चालविणे हीच एक विद्या आहे. उजवा गाल संपवून डाव्या गालावर आलो की हाताची सारी वळणे उलटी होतात, आणि नवशिक्याचा वस्तरा जेथे जावयाचा तेथे न जाता भलतीकडे निघतो. न्हावी समोर, बाजूला, मागे उभा राहून आपल्याला हवी ती बाजू घेतो. स्वतःची दाढी करणाऱ्याला ती सोय नाही.

शिकविणारा भेटला तो फ्रान्समध्ये, पीप्सनंतर शंभर वर्षांनी. झां-झाक पेरे हा पॅरिसमधील चाकू-सुऱ्या बनविणारा कुशल कारागीर. १६९९ किंवा १७०० साली कोणा न्हाव्याने लिहिला असता तर समजले असते. परंतु १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला तो या लोहकर्म्याने. ग्रंथाचे नाव ‘पोगोनोतोमी’. हा ग्रीक शब्दांवरून बनविलेला भारदस्त शब्द असून त्याचा अर्थ केवळ ‘दाढी कापणे’ एवढाच आहे. ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकातच त्याची विषयसूची आलेली आहे. स्वतःची दाढी करावयास शिकणे, धार लावण्याचे निरनिराळे दगड ओळखणे, वस्तरा परजण्याचे चामडे तयार करणे, आणि शेवटी रक्त काढण्याच्या क्रियेविषयी एक सूचना! न्हावी आणि शस्त्रवैद्य यांचे जुने नाते ग्रंथाच्या शेपटाशी असे शिल्लक राहिले आहे.

पेरेच्या ग्रंथात दगडांना आणि चामड्याला इतकी जागा का, हे ज्याने वस्तरा हाती धरला नाही त्याला उमगणार नाही. नवशिक्याला वाटते की कला हाताच्या फिरविण्यात आहे. खरे म्हणजे ती तत्पूर्वीच्या तयारीत आहे. निसण्यावर वस्तरा चालवावयाचा तो धार पुढे ठेवून. चामड्याच्या पट्ट्यावर चालवावयाचा तो पाठ पुढे ठेवून व धार मागे ओढीत. एवढा भेद चुकला की पट्टा कापला जातो आणि धारही मोडते. मग खुंट ऊन पाण्याने मऊ करावयाचे, साबणाचा फेस जिरू द्यावयाचा, मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावयाची, वस्तऱ्याचे पाते गालाशी सुमारे तीस अंशांचा कोन करील असे टेकवावयाचे आणि केसांच्या कलाने, दाब न देता, खाली आणावयाचे. पाते धारेच्या लांबीच्या दिशेने तसूभरही सरकता कामा नये. सरकले की ते दाढी सोडून कातडी कापते. आरंभ गालाच्या सपाट भागावर करावा. हनुवटी आणि ओठ यांना पुष्कळ दिवस हात लावू नये. सारांश, वस्तरा शिकणे म्हणजे घाई न करणे शिकणे होय. पीप्सने तो वेळ वाचविण्यासाठी धरला, यातील विनोद त्याच्याही लक्षात आला असेल.

नवशिक्याच्या भीतीवर पेरेने एक यांत्रिक उपायही काढला. वस्तऱ्याच्या पात्याला लाकडाचे असे आवरण बसवावयाचे की धारेचा थोडासाच भाग बाहेर राहील. सुताराच्या रंध्यातून पात्याची कड जशी जेमतेम डोकावते, तशीच ही रचना. म्हणून त्याने नावही रंध्यावरूनच दिले. आज ज्याला आपण सेफ्टी रेझर म्हणतो त्याचे बीज येथे आहे.

राहिले पोलाद. जुन्या पद्धतीत लोखंडाच्या पट्ट्या कोळशात पुरून कित्येक दिवस तापवीत. त्यामुळे पोलाद होई खरे, परंतु ते बाहेरून एक आणि आतून एक असे. अशा पोलादाची धार एका जागी टिके आणि दुसऱ्या जागी वाकडी होई. हा दोष दूर केला तो बेंजामिन हंट्समन नावाच्या एका घड्याळजीने. त्याला घड्याळासाठी चांगल्या कमानी हव्या होत्या. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ त्याने मातीच्या मुशींत पोलाद पूर्णपणे वितळवून एकजीव करण्याची रीत बसविली. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी प्रथम ते फार कठीण म्हणून नाकारले; फ्रान्समध्ये मात्र त्याला गिऱ्हाईक मिळाले, आणि मग शेफील्डवाल्यांचे डोळे उघडले, अशी हकीकत सांगतात. वेळ वाचविण्यासाठी धरलेल्या हत्याराला चांगले पोलाद द्यावे ते घड्याळजीनेच, हा योग मोठा गमतीचा आहे.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात हंट्समनच्या कितीतरी आधीपासून होती. म्हैसूरच्या आणि आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावांच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या पोलादाच्या लहान लहान लाद्या इराणपर्यंत जात आणि त्यांच्या तलवारी होत. या पोलादाला युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणू लागले. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यावर जॉर्ज पिअर्सन याने १७९५ साली सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि त्याच्या मथळ्यात मुंबईचे नाव आहे. त्या नमुन्यांवर काम करणारा जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रे-वस्तरे बनविणारा कारागीर होता. युरोपातील उत्तमोत्तम पोलादापेक्षाही आपण हे हिंदी पोलाद पसंत करतो, अशी जाहिरात त्याने आपल्या दुकानाच्या पत्रकावर छापली. याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकेल फॅरडेने पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग आरंभिले आणि १८२० व १८२२ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी मिसळून त्यांनी उत्तम पोलाद मिळविले, आणि आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे बनवून फॅरडे मित्रांना भेट देत असे. पुढे ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे शेफील्डच्या वस्तऱ्यांवर मिरवू लागली. विजेच्या शोधांनी ज्याचे नाव अमर झाले, त्या फॅरडेची ही कामगिरी फारशा लोकांना ठाऊक नसते.

पोलाद येथून गेले, तरी स्वतःची दाढी स्वतः करण्याची रीत मात्र आपल्याकडे बाहेरून आली. याचे कारण आपल्या गावगाड्यात आहे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला धान्याचा वाटा त्याला ठरलेला, आणि त्या बदल्यात गावच्या डोक्यांची व हनुवट्यांची काळजी त्याच्यावर. वार पाहावयाचा, तिथी पाहावयाची, हजामतीनंतर स्नान केल्यावाचून घरात शिवावयाचे नाही. अशा व्यवस्थेत रोजची दाढी संभवतच नव्हती आणि वस्तरा आपण धरावा असे कोणास वाटण्याचे कारणही नव्हते. जो हात आपल्या गळ्यावर चालतो तो विश्वासाचा, परंतु त्या हाताचा मान मात्र खालचा, अशी ही विचित्र मांडणी होती. सेना महाराजांनी आपल्या या व्यवसायाच्या हत्यारांतूनच भक्तीचे रूपक उभे केले, याचे मोल ती मांडणी ध्यानात घेतली म्हणजे अधिक कळते.

त्या धोकटीतील वस्तऱ्याकडून एक कठोर कामही करवून घेतले जात असे. ते म्हणजे विधवांचे केशवपन. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि असे वपन आपण करणार नाही असा निश्चय त्यांनी जाहीर केला. लोखंडे हे सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. सुधारकांनी या रूढीवर लेखांमागून लेख लिहिले होते. परंतु ज्याच्या हाती वस्तरा होता त्याने तो खाली ठेवला, हा युक्तिवाद काही निराळाच होता. युरोपात गिऱ्हाइकाने न्हाव्याच्या हातून वस्तरा घेतला, ही एक कथा. मुंबईत न्हाव्यानेच विचार करून वस्तरा आवरला, ही दुसरी. पहिलीने वेळ आणि पैसा वाचला. दुसरीने काय वाचले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

यापुढचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतील फिरता विक्रेता. बोथट झालेला वस्तरा हाती घेऊन उभा असताना १८९५ साली त्याला टाकाऊ पात्याची कल्पना सुचली. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्या वर्षी रेझरांची संख्या ९० हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय घरात नेली. निसणा गेला, पट्टा गेला, शिकणेही गेले. आपल्याकडे कचेरीच्या दहाच्या ठोक्याने वार आणि तिथी यांना मागे सारले. आज सलूनात जो वस्तरा दिसतो त्यातसुद्धा मोडलेले अर्धे पाते बसवितात आणि रोगसंसर्गाच्या भयाने ते प्रत्येक गिऱ्हाइकास नवे घेतात. हे योग्यच आहे.

हा लेख लिहावयाचे मनात आले तेव्हा, केवळ ग्रंथांवर विसंबू नये म्हणून, वडिलांच्या पेटीतील जुना वस्तरा मी बाहेर काढला. पेरेच्या विद्यार्थ्याने करावे तसे सर्व केले, आणि तिसऱ्याच दिवशी कानाजवळ एक रेघ व पट्ट्यावर दुसरी रेघ उमटली. शेवटी घराजवळच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या वृद्ध न्हाव्याकडे तो घेऊन गेलो. त्याने वस्तरा उजेडाकडे धरला, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, आणि मग माझा पट्टा पाहून तो हसला. “साहब, उस्तरा तो अच्छा है. पहले पट्टा सीखिए.” मग पाते पट्ट्याच्या टोकाशी आले म्हणजे ते धारेवर न उलटता पाठीवर कसे उलटावयाचे, हे त्याने दहा वेळा करून दाखविले, अकराव्या वेळी माझ्याकडून करवून घेतले आणि माझे मनगट किंचित खाली दाबले.

न्हाव्यापासून स्वतंत्र होण्याची विद्या अखेर न्हाव्याकडूनच घ्यावी लागली. आता रविवारी, कचेरी नसते त्या दिवशी, गालापुरता मी तो वस्तरा चालवितो. हनुवटी अजून त्या वृद्धाकडेच आहे.